मावसबहीण पाहुणी की भागीदार?

"ताई, मी २५ वर्षांची असून परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातून आले आहे. वाळूजला नोकरी लागल्यानंतर दोन महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरात, गारखेडा परिसरात, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर वन बीएचके फ्लॅट भाड्याने घेतला. भाडे ११,००० आणि अनामत ३०,००० रुपये आहे. एकटीला जड जाते म्हणून ऑफिसातील एक मैत्रीण निम्म्या भाड्यावर यायला तयार होती. तेवढ्यात आईने मावशीला परस्पर शब्द दिला की, स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी येणारी मावसबहीण माझ्याकडेच राहील. पैशाचा विषय काढला, तर 'घरच्या लेकराकडून कुणी भाडे घेते का,' असे आई म्हणते. मी कोणाला ठेवू?"

मावसबहिणीला जरूर ठेवा, परंतु पाहुणी म्हणून ठेवू नका.

पाहुणीला आपण काम सांगत नाही आणि तिच्याकडे हिशेबही मागत नाही. आठ दिवसांसाठी ही रीत चांगलीच आहे, वर्षभरासाठी मात्र ती तुमच्या जिवावर येईल. जायकवाडी धरण तासाभराच्या अंतरावर असूनही या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने आणि अनेकदा आडवेळी येते, हे तुम्ही दोन महिन्यांत अनुभवले असेल. रात्री दोन वाजता नळ आला की मोटर सुरू करायची, ड्रम भरायचे, पिण्याचे वेगळे गाळून ठेवायचे आणि सकाळी कंपनीची बस गाठायची; हे सारे तुम्ही करणार आणि पाहुणी झोपलेली राहणार, यात तिचा दोष नसतो, कारण तिला कोणी उठवलेलेच नसते. तिचा अभ्यास रात्री एकपर्यंत चालणार असेल, तर एका बेडरूममध्ये तिचा दिवा आणि तुमची झोप यांचे कसे जमवायचे, हे ती येण्याआधीच ठरवा. हॉलमध्ये टेबल लावणे हा साधा मार्ग आहे. उन्हाळ्यात कूलर लागेल. तो वीज खातो आणि पाणीही पितो, शिवाय महिन्याचा वापर १०० युनिटच्या पुढे गेला की वरच्या युनिटचा दर बराच वाढतो, तेव्हा वीजबिलात निम्मा वाटा तिचा असला पाहिजे.

पाहुण्यांचे पाहुणे हा आपल्याकडचा आणखी एक विषय. घाटी रुग्णालयात कोणाला दाखवायचे असले की गावाकडचे लोक शहरात ज्याची खोली असेल त्याच्याकडे उतरतात, आणि मावशीच्या सासरचेही येतील. कोणाला नाही म्हणू नका. फक्त आधी फोन करावा आणि मुक्काम दोन रात्रींचा असावा, इतके दोघींत ठरवून ठेवा.

आता कागदाचे. घरमालकाला न सांगता दुसऱ्या व्यक्तीला ठेवले, तर घर तुमच्या हातून जाण्याचा धोका असतो, म्हणून त्यांची संमती घेऊन तिचे नाव करारात घाला. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही' असे एजंट सर्रास सांगतात, ते खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. मुद्रांक शुल्क भाडे आणि अनामतीवरील व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के, तर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, म्हणजे दोघींत वाटला तर हा खर्च कोणाला जड जाणारा नाही.

माझी नोकरी लागली तेव्हा नांदेडला मी एका जिवलग मैत्रिणीला काही न बोलता खोलीवर ठेवून घेतले होते. आमचे बिनसले ते स्टोव्हच्या रॉकेलवरून, आणि पुढे कित्येक वर्षे आम्ही एकमेकींच्या लग्नकार्यालाही गेलो नाही. तेव्हा मावशीशी आईमार्फत नव्हे, तुम्ही स्वतः बोला. आईला आदल्या दिवशी कल्पना द्या, म्हणजे तिचा शब्द खाली पडल्यासारखे तिला वाटणार नाही. "मावशी, ती माझ्याकडे राहिली तर मलाही सोबत होईल. एकटीच्या पगारात घर चालत नाही, म्हणून महिन्याला ५,५०० रुपये भाडे आणि निम्मे वीजबिल तिच्याकडून लागेल," इतके सरळ सांगून थांबा. रक्कम ऐकून मावशी क्षणभर गप्प राहतील. ती शांतता भरून काढण्यासाठी घाईने सूट देऊ नका. परिस्थिती खरोखर बेताची असेल, तर भाडे ४,००० करा, पण दर महिन्याच्या पाच तारखेला ते तुमच्या खात्यात आले पाहिजे. मावशी ज्वारीचे पोते पाठवतीलच. ते आनंदाने घ्या आणि भाड्यात धरू नका, कारण पोत्याचे मोल दोन्ही घरांत सारखे लागत नाही. अनामतीचा वाटा आत्ता मागू नका. ती वर्षभरात जाणार असेल, तर परत करण्याची कटकट नको.

मावशींनी नकार दिला, तर मैत्रिणीला होकार कळवा आणि बहिणीला वसतिगृह किंवा अभ्यासिकेजवळची खोली मिळेपर्यंत पंधरा दिवस खुशाल पाहुणी म्हणून ठेवा. मैत्रीण आली तरी पाणी, पाहुणे आणि करारातील नाव यांबाबत हेच सारे तिच्याशी बोलावे लागेल. घराची दुसरी किल्ली मात्र, बहीण असो वा मैत्रीण, करारावर नाव चढल्यानंतरच द्या.