एमआरएनएचे अर्धायुष्य मोजताना प्राइमर तपासा

एचयूआर हे आरएनएला चिकटणारे प्रथिन घटवल्यावर व्हीईजीएफ या जनुकाचा एमआरएनए (जनुकाचा संदेश नेणारा रेणू) कमी होतो, परंतु अॅक्टिनोमायसिन-डी हे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) थांबवणारे औषध दिल्यानंतरचे एमआरएनए घटण्याचे आलेख दर वेळी निराळे येतात, ही तुम्ही नांदेडहून कळवलेली अडचण वाचून मला माझे पीएच.डी.चे दिवस आठवले, कारण छत्रपती संभाजीनगरात मीही नेमकी येथेच अडकले होते. एचयूआर एमआरएनएला स्थैर्य देते, टीटीपी हे दुसरे प्रथिन त्याचे विघटन घडवते आणि दोन्ही त्याच्या एयू-समृद्ध (ए आणि यू ही अक्षरे भरपूर असलेल्या) भागालाच चिकटतात, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

तुमच्या सीडीएनए संचात (आरएनएवरून डीएनए प्रत बनवण्याच्या संचात) प्राइमर, म्हणजे ती प्रत सुरू करून देणारा छोटा तुकडा, कोणता आहे, ते आधी पाहा. केवळ ऑलिगो-डीटी (फक्त टी अक्षरांचा प्राइमर) असेल, तर त्या आलेखांवर माझा तरी विश्वास बसणार नाही. टीटीपी सीसीआर४-नॉट या संकुलाला बोलावते, ते प्रथम एमआरएनएच्या टोकाचे पॉली-ए शेपूट (ए अक्षरांची साखळी) आखूड करते आणि उरलेला रेणू त्यानंतर नष्ट होतो. ऑलिगो-डीटी मात्र त्या शेपटालाच चिकटतो. त्यामुळे शेपूट गेलेला, पण अन्यथा शाबूत असलेला रेणू मोजणीतून निसटतो आणि तो संपला असे आपण धरून चालतो. शिवाय तुलनेसाठी घेतल्या जाणाऱ्या १८एस आरआरएनएला (रायबोसोममधील आरएनएला) असे शेपूट नसते, त्यामुळे त्याच्याशी केलेली तुलनाही भरवशाची राहत नाही.

माझ्या मागणीपत्रात रँडम हेक्झामर (आरएनएवर कुठेही चिकटू शकणारे सहा अक्षरी प्राइमर) असलेला संच स्पष्टपणे नमूद होता. तरीही आमच्या खरेदी विभागाने तीन दरपत्रके मागवून सर्वांत स्वस्त संच घेतला आणि त्यात फक्त ऑलिगो-डीटी निघाला. तक्रारीवर ‘तांत्रिकदृष्ट्या समतुल्य’ असा शेरा आला, फाइल लेखा विभागात जाऊन बसली आणि मार्चअखेरीस उरलेला निधी परत गेला. ज्याला प्रयोग करायचा नाही, त्याने समतुल्यता ठरवावी, हा प्रकार मला आजही समजलेला नाही.

दुसरी अडचण औषधाचीच आहे. प्रतिलेखन थांबले की एरवी मुख्यत्वे केंद्रकात असणारे एचयूआर पेशीद्रवात जमू लागते; म्हणजे ज्या प्रथिनाची परीक्षा घ्यायची, त्याचीच जागा औषधामुळे बदलते. म्हणून निदान एकदा तरी ४-थायोयुरिडीनने (नव्या आरएनएवर खूण करणाऱ्या रेणूने) पडताळणी करावी, असे माझे मत आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्येही (प्रथिन मोजण्याच्या चाचणीत) एकूण एचयूआरवरून निष्कर्ष काढू नका. केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे करूनच पाहा. एमवायसी या जनुकाचा एमआरएनए साधारण अर्ध्या तासात निम्मा होतो, तोही सोबत मोजा. तासाभरात तो उतरला नाही, तर औषधाचाच संशय घ्या, विशेषतः भारनियमनात फ्रीजर बंद पडत असेल तर.

माझा अनुभव बशीत वाढवलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशींपुरता आहे. रुग्णाच्या गाठीच्या ऊतीला हे जसेच्या तसे लावू नका.

नव्या संचासाठी थांबण्याचीही गरज नाही. रँडम हेक्झामर सुटे मिळतात, ते बहुधा किरकोळ खरेदीत बसतात आणि जुन्या संचातील विकर सहसा त्यांच्याबरोबरही चालते. एकदा माहितीपत्रक पाहून खात्री करा. मग त्याच आरएनएचे सीडीएनए दोन्ही प्राइमरनी करा. दोन आलेखांत ठळक अंतर पडले, तर त्यातील बराचसा भाग शेपूट आखडण्याचा असू शकतो.