परदेशातल्या शाळेशी वर्ग जोडून मुलांना भांडणं सोडवायला खरंच शिकवता येतं का?

येतं. पण तुम्ही प्रश्नात जो बेत सांगितला आहे, म्हणजे मालवणच्या आठवीच्या वर्गाचा श्रीलंकेतल्या शाळेशी महिन्यातून एक व्हिडिओ कॉल, दोन्हीकडची गाणी, सणांची माहिती, तेवढ्याने होणार नाही. त्यातून ओळख होते, मुलं हरखून जातात, आणि तेही हवंच. मात्र भांडण सोडवायला शिकायचं तर मुलांपुढे खरा मतभेद यायला हवा, आणि मतभेद झाला तरी अर्ध्यावर सोडता येणार नाही असं एखादं काम दोघांच्या हातात असायला हवं.

मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या शिबिरात हे पाहिलं. दोन गटांत स्पर्धा लावल्यावर त्यांच्यात वैर आलं. मग त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पाणीपुरवठा बंद पडला, ट्रक अडकला, अशी दोघांनी मिळूनच सुटणारी कामं एकामागून एक आली, तेव्हा कुठे वैर ओसरू लागलं. मुलांमध्ये मुद्दाम भांडण लावणारा असा प्रयोग आज कुणी करू नये, पण नुसतं भेटवून भागत नाही ही गोष्ट मला पटलेली आहे.

मी कल्याणजवळच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी आमचा नववीचा वर्ग कराचीतल्या एका शाळेशी जोडला होता. माझ्या वर्गात उल्हासनगरची सिंधी मुलं होती. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला आलेल्या आणि लष्कराच्या जुन्या बराकींत राहिलेल्या माणसांची पतवंडं. आणि पलीकडच्या वर्गात मुंबई, रत्नागिरी सोडून कराचीला गेलेल्या घरांतली मुलं निघाली. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली 1855 सालची एनजेव्ही शाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते नारायण जगन्नाथ वैद्य आपल्याकडचेच, तिथल्या शिक्षण खात्यात अधिकारी होते. हे कळल्यावर दोन्ही वर्गांची उत्सुकता फार वाढली. आमची मुलं देवनागरीत लिहिणार, त्यांची उर्दूत, म्हणून आम्ही व्हॉइस नोटवर भर दिला. बोलीत अडचण अशी आलीच नाही.

काम ठरवलं ते असं: प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडून घर सोडल्याची हकिकत घ्यायची आणि दोघांनी मिळून एक पान तयार करायचं. पानाचे तीन रकाने. एकात आमची बाजू, एकात त्यांची, आणि मधला कोरा, वाचणाऱ्याने स्वतः भरायचा. ही पद्धत मी इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिक्षकांच्या एका उपक्रमातून घेतली. डॅन बार-ऑन आणि सामी अदवान या दोघांनी तो उभा केला होता. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटिशांनी पाठिंबा दिला ती 1917 ची बाल्फोर घोषणा आणि 1948 चं युद्ध यांसारखे विषय त्या शिक्षकांनी समोरासमोर मांडले होते, दोन्ही बाजू एकमेकींत न मिसळता.

आणि मग जे व्हायला हवं होतं ते झालं. तिकडच्या एका मुलाने लिहिलं, "तुमच्या लोकांनी आमच्या आजोबांना मुंबईत राहू दिलं नाही." माझी एक विद्यार्थिनी संतापली. तिच्या पणजीने कराचीतलं घर कुलूप लावून सोडलं होतं, परत येऊ या आशेने. तिला लगेच उत्तर पाठवायचं होतं.

आमचा नियम आधीच ठरला होता, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. उत्तर त्याच दिवशी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं. "हो, मला हेच म्हणायचं होतं" असा निरोप तिकडून आला की मगच पुढे जायचं. पुढे जायचं म्हणजे आधी एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही असा. आपली बाजू त्यानंतर. तिने विचारलं, आजोबांनी निघताना बरोबर काय घेतलं होतं? त्याला ते माहीत नव्हतं. त्याने घरी जाऊन विचारलं, आणि आजोबा पहिल्यांदाच नातवाशी त्या दिवसांबद्दल बोलले. दोष कुणाचा यावर त्या दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. पान तसंच, दोन वेगळ्या रकान्यांसह पूर्ण झालं. मला ते पुरेसं वाटलं, आजही वाटतं. नंतर वर्गातल्या मारामारीतही मुलं एकमेकांना सुनवायची, "आधी तो काय म्हणाला ते सांग."

तुमच्यासाठी विषय शोधायला लांब जायला नको. भारत आणि श्रीलंकेच्या मधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीत तामिळनाडूचे ट्रॉलर आणि उत्तर श्रीलंकेचे छोटे मच्छीमार यांचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. उत्तर श्रीलंकेचे मच्छीमार 2009 पर्यंत तिथल्या गृहयुद्धाने समुद्रापासून तुटलेले होते. आता परत जाळी टाकतात तर आपल्याकडचे ट्रॉलर तळ खरवडून नेतात. श्रीलंकेने 2017 मध्ये अशा मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. इकडे तामिळनाडूच्या खलाशाला श्रीलंकेत अटक होते, बोट जप्त होते, घर बसतं. तुमच्या वर्गातल्या मुलांना यातलं सगळं समजेल, कारण किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आणि यांत्रिक बोटींवरून मोठं घेरजाळं टाकणारे पर्ससीनवाले यांचा वाद त्यांनी किनाऱ्यावर पाहिलेला आहे. आपलं गाव त्या गोष्टीत कुठल्या बाजूला बसतं हे शोधताना मुलं अडखळतील. तिथे घाई करू नका.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांभाळा. तुम्ही आणि तिकडचे शिक्षक आधी एकमेकांशी नीट बोला, मुलांना मागाहून आणा. 1999 ते 2014 या काळात उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताकातल्या शाळा इंटरनेटने जोडणारा 'डिझॉल्व्हिंग बाउंडरीज' उपक्रम चालला. तिथे जोडीतले शिक्षक प्रत्यक्ष भेटून वर्षाचं काम आखत, ते अगदी बरोबर होतं. दुसरं म्हणजे इंग्रजी. एका बाजूची मुलं सफाईदार बोलतात आणि दुसरी गप्प बसतात, अशाने बरोबरी राहत नाही, आणि बरोबरी नसेल तर पुढचं सगळं फुकट. चार-पाच जणांचे गट करा, चित्रं, नकाशे, रेकॉर्डिंग चालू द्या, थेट कॉल कमी ठेवा. मुलं आपापल्या भाषेत बोलू देत, मजकूर तुम्ही शिक्षकांनी पोचवा. प्रत्येक मुलाला तिकडचा एक ठरलेला जोडीदार मिळू दे. 'सीड्स ऑफ पीस' या अमेरिकेतल्या शिबिरात इस्रायली-पॅलेस्टिनी मुलांचा अभ्यास झाला, त्यात ज्यांचं समोरच्या गटातल्या निदान एकाशी घट्ट जमलं त्यांची मतं जास्त बदललेली दिसली.

पाकिस्तानातल्या शाळेचा विचार सध्या करू नका. 2025 च्या मे महिन्यात तिथून येणारं टपालही भारताने थांबवलं, आणि अशा वातावरणात त्रास मुलांना आणि पालकांना होतो. श्रीलंकेसाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती घ्या. मुलांचे खासगी नंबर कुठेही जाऊ देऊ नका, सगळी देवाणघेवाण दोन शिक्षकांच्या ईमेलवरूनच होऊ दे. पालकसभेत हा मच्छीमारांचा विषय स्वतः मांडा. पालकांत मासेमारी करणारे असतीलच, त्यांना वर्गात बोलवा आणि मुलांनी त्यांची मुलाखत घेऊ दे. पहिल्या रकान्याचा मजकूर तिथूनच मिळेल.