नाच म्हणजे फक्त करमणूक का?

'नाच बंद झाला तर समाजाचं काय अडणार?' असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकचा, म्हणून इथलंच सांगतो.

सुरगाणा, पेठ भागात बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून, संबळाच्या ठेक्यावर रात्रभर सोंगं नाचवतात. बऱ्याच गावांत कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हा मान ठरलेला असतो. म्हणजे गावात कोणाचं स्थान काय, हे नाचातूनच दिसतं. पोरांना पुराणकथाही तिथेच कळतात, पुस्तकाशिवाय. कळवण-बागलाणकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. त्यात पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर गोल धरून नाचणारे भक्त कडक व्रत पाळतात. त्याला करमणूक म्हणून बघा कोणी!

लग्न, सुगी, देवकार्य, नाच सगळीकडे आहेच. एका तालात हललं की अनोळखी माणसंही जवळची वाटू लागतात, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसलंय. गणपतीत नाशिक ढोल सुरू झाला की शेजारच्याशी अबोला धरलेला माणूसही त्याच्याच बाजूला नाचताना मी पाहिलाय. दुसऱ्या दिवशी पार्किंगवरून भांडण पुन्हा सुरू, तो भाग वेगळा.