आजीची लुगडी आणि डबाभर किडूकमिडूक: भिंतीवरच्या छोट्या गोधड्या कशा करायच्या?

तुम्ही विचारलंय की आजीची दोन नऊवारी लुगडी आणि तिच्या डब्यातल्या किरकोळ वस्तू (बटणं, बसची तिकिटं, एक किल्ली) घेऊन भिंतीवर लावायला छोट्या गोधड्या करायच्या आहेत, पण धावदोऱ्यापलीकडे काही येत नाही, तर जमेल का. जमेल. धावदोरा पुरतो. घोळ होतो तो काय घालू नये हे न ठरवल्यामुळे.

माझाही झाला. लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा मी खोलीतून पिशवीभर वस्तू उचलल्या आणि झाडून सगळ्या एकाच गोधडीवर चढवल्या. दाराच्या कडीच्या वजनाने कापड ओघळलं. आईची सेफ्टी पिन हौसेने मधोमध लावली होती, पावसाळ्यात तिच्याभोवती गंजाचा डाग पडला. वर काचेची फ्रेम केलेली, तिच्यात दमटपणा कोंडून बुरशी धरली. नवरा म्हणाला, भंगारवाल्याची गाडी दिसतेय. राग आला, पण दिसतच होती तशी.

तेव्हापासून एका गोधडीत एकच वस्तू, आणि आकार 12 बाय 12 इंच. काच नाही. मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवायची, तिच्यातून पातळ काठी घालून टांगायची.

जड वस्तू शिवूच नका, तिचा छाप घ्या. तुमची किल्ली टेबलावर ठेवा, वर धुतलेलं पांढरं मलमल ताणून धरा आणि मेणाचा खडू आडवा करून हलक्या हाताने घासा. किल्लीचे दातसुद्धा उमटतात. मग कापड दोन कोऱ्या कागदांत ठेवून इस्त्री फिरवा, कागद मेण शोषून घेतो, रंग कापडात राहतो. आमच्या खोलीच्या नंबराची पत्र्याची पाटी मी अशीच उतरवली. पाटी कपाटात आहे, भिंतीवर तिचा छाप.

तिकिटाला सुई लावू नका, कागद टाक्यांच्या रेषेवर फाटतो. तिकीट कापडावर ठेवा, वर बारीक नेट पसरा आणि तिकिटाच्या कडेबाहेरून चारी बाजूंनी नेट टाचा. कंडक्टरने चिमट्याने पाडलेलं भोक नेटमधून स्पष्ट दिसतं. बटणं मात्र बिनधास्त शिवा, फक्त त्या जागी आतून बकरमचा (कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाचा) तुकडा द्या.

थर तीन: वरचं कापड, मध्ये जुना फ्लॅनेल, खाली अस्तर. आधी मोठाले कच्चे टाके घालून तिन्ही थर एकत्र धरा, नाहीतर शिवताना सरकतात. मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यावर या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच कडेकडून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेली कापडाची फुलं लावतात. टाके वेडेवाकडे आले तरी उसवू नका. गोधडी आहे, छापील कापड नाही.

सामान फारसं लागत नाही. मुंबईत अस्तराचं कापड मंगलदास मार्केटात, नेट-लेस भुलेश्वरला. चिंध्या शेजारच्या शिंप्याकडे मागा, तो पैसे घेणार नाही. गडद लुगड्याचा रंग जातो का, ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा.

माझी सगळ्यात बरी जमलेली गोधडी म्हणजे बाबांच्या खाकी सदऱ्याचा नुसता खिसा. 1982 च्या गिरणी संपानंतर तो सदरा ट्रंकेत गेला तो परत बाहेर आला नाही. खिशाचा एक कोपरा फाटलेला, घरात खाकी दोरा नसणार म्हणून आईने काळ्या दोऱ्याने सांधलेला. मी तिथे एकही टाका घातला नाही. खिसा तसाच लावला आणि बाकी सगळीकडे खाकी दोऱ्याने शिवलं, म्हणजे काळा दोरा तेवढा आईचा.

लुगड्याला कात्री लावताना हात थरथरणार, माझाही थरथरला. पदर आणि काठ सोडा. आत कंबरेपाशी खोचून खोचून विरलेला भाग असतो, तिथून फूटभर चौकोन घ्या. तिथलं कापड सगळ्यात मऊ असतं, सुई लोण्यात शिरल्यासारखी जाते. आठ मीटरच्या वर लुगडं आहे, एवढ्याने संपत नाही.