जिप्सम बोर्डाचे सांधे घरच्या घरी भरता येतील का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात घराचं काम चालू आहे, वरच्या मजल्यावर जिप्सम बोर्डाची, म्हणजे दोन जाड कागदांमध्ये जिप्सम भरलेल्या पाट्यांची, पार्टिशन उभी राहिली आहेत आणि सांधे भरून भिंत रंगापर्यंत आणायचं काम स्वतः करावं म्हणताय. जमेल. मी सांगलीत केलंय. पहिली भिंत दोनदा करावी लागली, म्हणून लिहायला बसलोय.

आमच्याकडे फ्रेमवाला बोर्ड स्क्रूने बसवून गेला आणि रंगारी म्हणाला, "लांबी ओढतो की, त्यात काय एवढं!" मीही हो म्हटलं. त्यानं सांध्यांत व्हाइट सिमेंटची पुट्टी भरली, टेप नाही काही नाही. दिवाळीला भिंत आरशासारखी दिसत होती. होळीला दर चार फुटांवर वरपासून खालपर्यंत केसासारखी एकेक रेघ. बोर्ड रुंदीला चार फुटांचा असतो, म्हणजे सांधा न् सांधा उघडा पडला होता. पुट्टी ही गिलाव्यावर पातळ हात द्यायची वस्तू आहे. पत्र्याच्या चॅनेलवर बसलेला बोर्ड ऊन-गारव्यानं थोडा तरी हलतो, आणि ती कडक पुट्टी तो ताण सोसत नाही. ताण घेते ती टेप. त्यामुळे दुकानात जॉइंटिंग कंपाउंड आणि दोन इंची कागदी टेप असंच मागा. जाळीची चिकट टेप लावायला सोपी असते, पण नुसत्या वाळणाऱ्या तयार कंपाउंडखाली तिच्यावर माझा भरवसा नाही.

सुरुवात स्क्रूपासून करा. पुट्टी ओढायची लोखंडी पत्ती भिंतीवरून फिरवा. जिथं 'टक्' वाजेल तिथं स्क्रूचं डोकं वर आहे. ते किंचित आत घ्या, पण बोर्डाचा कागद फाटू देऊ नका. कागद फाटला की त्या स्क्रूची पकड गेली, शेजारी दुसरा मारा.

मग सांध्यात कंपाउंडचा पातळ थर, त्यावर टेप, आणि पत्तीनं दाबून जादा माल बाहेर काढा. टेपखाली माल कमी पडला तर फुगा येतो आणि तो पुढच्या कुठल्याही थराखाली लपत नाही. फुगा दिसला तर तेवढा भाग कापून पुन्हा बसवा. हा थर पूर्ण वाळला की दुसरा, साधारण आठ-दहा इंच रुंद. तिसरा फूटभर रुंद आणि कडेला अगदी शून्यावर उतरलेला. स्क्रूच्या डोक्यांनाही तीन वेळा हात द्या. बोर्डाच्या लांब कडा उतरत्या केलेल्या असतात, त्या खोलगटात हे सगळं मावतं. आखूड कडांना तो उतार नसतो. दोन आखूड कडा समोरासमोर आल्या की टेपेचा उंचवटा राहणारच, तो दीड-दोन फूट रुंदीवर पसरवून डोळ्याला फसवायचं. नवशिक्याचा घाम इथंच निघतो. माझी एक जागा अजून दिसते, पण तिथं आता कॅलेंडर आहे.

पावडरचं, पाण्यात कालवून घट्ट होणारं कंपाउंड वापरणार असाल तर घमेलं आणि पत्ती दर वेळी लख्ख धुवा. मला वाटायचं माल खराब आला, दहा मिनिटांत दगड होतोय. दोष माझ्या घमेल्याचा होता. आधीच्या खेपेचे घट्ट झालेले जिप्समचे कण नव्या मालात पडले की ते विरजणासारखं काम करतात आणि सगळा माल भराभर आळतो. एका वेळी थोडाच कालवा, आणि आळायला लागला की वरून पाणी घालून पुन्हा मळू नका.

पावसाळ्यात हे काम काढू नका, आणि साताऱ्याच्या पावसात तर नकोच. उन्हाळ्यात एका दिवसात वाळणारा थर आषाढात दोन-तीन दिवस ओला राहतो. वरून कोरडा वाटतो, पण करडी झाक दिसली तर आत पाणी आहे. पांढरा होईपर्यंत थांबा.

घासण्याबद्दल माझं मत असं, की जास्त घासावं लागलं तर भरताना चुकलंय. १५० नंबरचा सँडपेपर हलक्या हातानं फिरवा, बोर्डाचा कागद खरवडू नका, तोंडाला मास्क लावा. ती धूळ आठवडाभर चहातसुद्धा लागते. रात्री बल्ब भिंतीला चिकटून आडवा धरा, दिवसा न दिसलेला प्रत्येक खड्डा सावली टाकतो. पेन्सिलनं गोल करून ठेवा, सकाळी भरा. मग सगळ्या भिंतीला प्रायमर. कागद आणि कंपाउंड रंग सारखा शोषत नाहीत, प्रायमर चुकवला तर सांध्यांचे पट्टे उमटतात. रंग मॅटच घ्या, चकाकता रंग सगळी चहाडी करतो.

बोर्ड जिथं विटांच्या भिंतीला किंवा स्लॅबला भिडतो, तिथं कडक माल ठासू नका, लवचिक सीलंट भरा. खाली फरशीपासून बोर्ड बोटभर वर आहे ना, तेही बघा. नसेल तर फरशी पुसताना पाणी कागदातून वर चढतं आणि स्कर्टिंगच्या वर भिंत फुगते. बाथरूमच्या आत हा बोर्ड नकोच, दमट जागेसाठी मिळतो तो हिरवासुद्धा. तो दमटपणा सोसतो, रोजचं पाणी नाही. तिथं सिमेंट बोर्ड किंवा वीट. आमच्या तळमजल्यावर मी मुळीच लावला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं होतं. विटांच्या भिंती धुऊन, वाळवून परत वापरल्या. जिप्समचा लगदा झाला असता.

पाहुणे येतील, बोटानं टकटक करतील आणि "पोकळ आहे की हो!" म्हणतील, त्याची तयारी ठेवा. आणि एखाद्या पार्टिशनची एक बाजू अजून उघडी असेल, तर टीव्ही आणि कपाटाच्या जागी आत प्लायची पट्टी चॅनेलला पक्की करून घ्या. मी ती घातली नाही, त्यामुळे आमचा टीव्ही अजून टेबलावर आहे.