बहिणीचा चार वर्षांचा मुलगा घरातली मारहाण पाहून आलाय. त्याच्याशी कसं वागावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या मारहाणीमुळे बहीण लेकराला घेऊन तुमच्याकडे आली. भाचा रात्री दचकून उठतो, अंथरूण ओलं करतो, बाहुलीला बडवतो. आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, 'एवढ्याशा पोराला काय कळतंय? विसरेल.'

मी 19 वर्षं अंगणवाडी चालवते. त्याला सगळं कळतं.

माझ्याकडे एक मुलगा होता. खिचडीचं पातेलं जरा जोरात वाजलं की तो गुंडाळलेल्या सतरंजीमागे जाऊन बसायचा. घरी भांडी आपटायला लागली की पुढे काय होतं, हे त्याला पाठ झालं होतं. अजून धड बोलता न येणारं मूलसुद्धा चढलेला आवाज आणि आईच्या हाताची थरथर ओळखतं. सांगायला शब्द नसतात, मग पोट दुखतं, आईचा पदर सुटत नाही, मोडलेली सवय परत येते. अंथरूण ओलं झालं तर मुकाट्याने चादर बदला, त्यावरून कुणालाही चिडवू देऊ नका.

त्या मुलाला मी सुरुवातीला खोदून खोदून विचारलं, ती माझी चूक झाली. तो आठवडाभर माझ्याजवळ फिरकला नाही. पुढे एकदा रंगीत खडूने रेघा ओढता ओढता आपणहून म्हणाला, 'मी दूध सांडलं म्हणून बाबांनी आईला मारलं.' या वयाची मुलं दोष असा स्वतःवर घेतात. म्हणून भाच्याला जवळ घेऊन पुन्हा पुन्हा सांगा, 'भांडण तुझ्यामुळे झालं नाही.' एकदा सांगून भागत नाही. त्याच्या देखत बापाला शिव्याही घालू नका. ज्याची भीती वाटते त्याचीच आठवणही येते, आणि ती आली म्हणून त्याला अपराधी वाटायला नको. जेवण, आंघोळ, झोप रोज ठरल्या वेळी होऊ द्या. आता पुढे काय होणार हे आधी कळलं की अशी मुलं हळूहळू निवळतात. महिनाभरात फरक दिसला नाही, किंवा तो खाणंबोलणंच टाकायला लागला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोनवरून मोफत समुपदेशन मिळतं.

पण मुलाला सर्वांत मोठा आधार त्याच्या आईचा, आणि तिला आज 'पोरासाठी सांभाळून घे' म्हणणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही तरी म्हणू नका. पोरासाठीच ती बाहेर पडली आहे.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती सध्या जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, मग ते राहणं तात्पुरतं का असेना. अर्जासाठी या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. मारहाणीला मनाई, खर्चाची रक्कम आणि मुलाचा तात्पुरता ताबा, हे सगळं त्याच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून लवकर जा. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष असतात. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पहिला सुरू केला. तिथल्या समाजसेविकांशी आधी बोललात तर पुढचं सोपं जाईल. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीला 112 हे नंबर तिच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा. ती जबाब देत असेल तेव्हा भाच्याला बाहेर न्या. तेच सगळं त्याने पुन्हा ऐकायला नको.

सामान आणायला तिला एकटीला पाठवू नका. सोबत पोलीस मागा. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आधार घ्यालच, पण तो ज्या गोधडीत झोपायचा ती आठवणीने आणा.