मुलगा आठवीत आहे, दिवसभर चित्रं काढतो. आवड टिकावी म्हणून कोणता क्लास लावावा?

कुठलाच लावू नका. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही लिहिलंय की वह्यांची मागची पानं भरलेली असतात, जेवायला दहा हाका माराव्या लागतात, आणि 'योग्य वळण लागावं' म्हणून एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी करून घेणारा क्लास शोधताय. हे वळण आमच्या घरात लावून झालंय, म्हणून लिहितोय.

मी कोल्हापूरचा. उमेदीची वर्षं बोर्ड रंगवण्यात गेली. फ्लेक्स आला आणि आम्ही ब्रशवाले कॉम्प्युटरपुढं बसलो. आता माझंच फ्लेक्सचं दुकान आहे. दादा नोकरदार. इंटरमिजिएटला त्याला ए ग्रेड, मला सी. त्याचं सर्टिफिकेट अजून हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. त्यानंतर दादानं ब्रश धरला तो खिडकीच्या गजांना ऑइलपेंट द्यायला.

पुतणी अगदी तुमच्या मुलासारखी. दिसेल ते काढायची. कुकर, मांजर, आजीचे सुजलेले पाय. दादानं तिला क्लासला घातलं. तिथं स्मरणचित्रासाठी, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवून काढायच्या चित्रासाठी, माणसं तयारच होती: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, काठीवाला म्हातारा, फुगा धरलेलं पोरगं. विषय बाजार आला तर पाटीत भाजी, जत्रा आली तर नारळ, पूर आला तर पाटीऐवजी बोचकं. झाड कायम उजवीकडं, कारण डावीकडं काढलं की बाईचा हात झाकला जातो. हे सगळं पाठ करून पोरीनं ए ग्रेड आणली आणि घरी चित्र काढायचं बंद केलं. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, अभ्यासाला तरी लागली." माझ्या मात्र डोक्यात गेलं ते.

त्या थंडीत तिला ओळखीच्यांच्या गुऱ्हाळावर नेलं. रस पिऊन झाल्यावर हातात वही-पेन्सिल दिली आणि खोडरबर माझ्या खिशात घातला. तिनं पहिली काढली ती पाटीवाली बाई! म्हटलं, इथं कुठं आहे गं ही? तर म्हणते, "इथं जो आहे तो सारखा हलतोय की काका!"

चुलवाणात, म्हणजे रस आटवायच्या भट्टीत, उसाची चिपाडं सारणारा माणूस होता. वाकायचा, चिपाडं आत रेटायचा, मागं सरायचा, धुरानं भरलेले डोळे बाहीला पुसायचा, परत वाकायचा. मी म्हटलं, हलू दे की, फिरून तिथंच येतोय. वाकला की या पानावर काढ, मागं सरला की त्या पानावर, परत वाकला की या पानावर ये. आधी नुसत्या कमानी आल्या, पाठीच्या. मग खांदा आला. मग एकदम म्हणाली, "काका, ह्याचा जोर हातात नाहीच, मागच्या टाचेत आहे." ती टाच तिनं इतकी दाबून काढली की कागद फाटला. रसाचं आदण उतरलं, काहील, ती मोठी कढई, वाफ्यात रिकामी झाली, गुळाचे रवे भरायला घेतले, तरी ही उठेना. कुठला क्लास शिकवतो हे?

त्यानंतर रविवारी सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन म्हशी काढायला लागली. तिथले लोक आता तिला ओळखतात, फुकट दूध पाजतात.

दादाचं म्हणणं, "असं उनाडून कोणी चित्रकार होत नाही, आबालाल रहिमानसुद्धा मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकले होते." बरोबर आहे. पण शिकून आले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले, तरी पाय वळले ते इथल्या रंकाळा आणि कोटीतीर्थ तळ्यांकडंच ना? आणि बाबूराव पेंटर कुठल्या कलाशाळेत गेले होते? नाटकाचे पडदे रंगवले, सिनेमाचा कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला. हा वाद आमच्याकडं दर दिवाळीला होतो आणि वहिनी फराळाची ताटं उचलायला लागल्या की मिटतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मुलाला महागडा रंगांचा सेट घेऊ नका. प्रेसमधला उरलेला कागद किलोवर मिळतो, तो गठ्ठ्यानं आणा. ४बी, ६बी पेन्सिली द्या. इस्त्रीवाला, चहावाला, कुंभार, असं एकच काम फिरून फिरून करणारं माणूस गाठून द्या. आणि प्रत्येक चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावू नका हो, पोरं मग मावशीला आवडेल ते काढायला लागतात.

आता दादाच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहिलं. इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत ७ गुण वाढतात, बीला ५, सीला ३. ते कोणी सोडू नयेत. राज्यातल्या कला महाविद्यालयांत बीएफए या कलेच्या पदवीला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आहे. तिथंही वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र येतंच. त्यासाठी परीक्षेआधी काही महिने क्लास लावला तर माझी ना नाही. इंटरमिजिएटची कर्तव्यभूमिती, म्हणजे कंपास-पट्टीनं आकृत्या काढणं, तर कोणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही, मला सी ग्रेड त्यामुळंच मिळाली. सगळे क्लास तसलेच असतात असंही नाही, पोरांना वही घेऊन बाहेर काढणारे सरही पाहिलेत मी. पण आठवीपासूनच? छे.

दादा हे वाचणार, कारण लिंक मीच पाठवणार आहे. तर दादा, पोरगी आता अकरावीत आहे, मे महिन्यातल्या त्या क्रॅश कोर्सचे पैसे अजून भरू नकोस. तिला माझ्या दुकानाच्या शटरवर म्हशी काढायच्यात. रंग माझा, शिडी माझी. तू फक्त हो म्हण.